शिवणीला माया ठेवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शरद ऋतू म्हटला की कवींना चांदणं आठवतं. सकाळच्या लोकलमध्ये वरची कडी धरून उभ्या असलेल्या बाईला आठवतो तो घाम. आपल्याकडे नोकरी करणाऱ्या माणसाच्या तोंडी 'शरद' हा शब्द येतच नाही, आपण सरळ 'ऑक्टोबर हीट' म्हणतो. आजचा विषय आहे या दिवसांत कामावर जाताना घालायचे कपडे, आणि तेही ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत अशा बायकांचे. मी सत्तावीस वर्षं डोंबिवलीहून व्हीटीला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला नोकरीसाठी गेले. दोन मुलं त्याच काळात वाढवली आणि सुट्टीच्या दिवशी शिवणाचे वर्ग घेतले. त्यामुळे जे सांगणार आहे ते थोडं पुस्तकातलं आणि बरंचसं अंगावर निघालेलं आहे.

आधी ही हीट येते कुठून ते पाहू, कारण कपड्यांचा हिशेब तिच्यावरच अवलंबून आहे. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. ढग जातात आणि तीन-चार महिने अडलेलं ऊन थेट खाली येतं. जमीन अजून ओली असते, त्या ओलीची वाफ होत असते. पावसाळ्यातला पश्चिमेचा भरभरता वारा पडलेला असतो, सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि समुद्रावरची झुळूक यायला दुपार होते. मुंबईत ऑक्टोबरचं दुपारचं सरासरी तापमान ३३-३४ अंशांच्या घरात जातं, म्हणजे ऐन पावसाळ्यापेक्षा तीनेक अंश जास्त. पण खरा त्रास तापमानाचा नाही, दमटपणाचा आहे. घाम आपल्याला थंड करतो तो वाळताना. हवेतच ओल असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पुणे-नाशिककडे आणखी एक गंमत. तिथं महिनाअखेरीला पहाटे गारठा आणि दुपारी एक वाजता चटका, एकाच दिवसात बारा-पंधरा अंशांचा फरक. साडेसहाला मुलाला शाळेच्या बसवर सोडणारी आई आणि दीड वाजता बँकेच्या रांगेत उभी असलेली तीच बाई, दोघींना एकच कपडा कसा पुरणार?

आणि हवामान फक्त बाहेरचंच नसतं. आपल्या एका दिवसात चार-पाच हवामानं असतात. पहाटे गॅसपुढचं स्वयंपाकघर, मग जिना आणि रिक्षा, मग गर्दीची लोकल, मग एसीत गारठलेली कचेरी. आता तर लोकलसुद्धा एसी झाली आहे. मुंबईत पहिली एसी लोकल २०१७ च्या डिसेंबरात धावली. ज्या बाईला परवडते ती सकाळी घामेजलेली डब्यात शिरते आणि पाऊण तास त्या ओल्या कपड्यावर गार वारा घेते. सर्दी होते ती उगाच नाही. संध्याकाळी पुन्हा भाजी, पाळणाघर, मुलाला कडेवर घेऊन जिना. एवढं सगळं ज्या कपड्यात होतं तो कपडा दुकानात आपण कसा निवडतो? आरशापुढे उभं राहून. हात खाली सोडून, पोट आत घेऊन, दोन मिनिटं. माझं म्हणणं असं की कपडा घालून बघायचा तर एकदा हात वर करून, एकदा वाकून आणि एकदा मांडी घालून बसून बघावा. दुकानदार हसला तर हसू द्या.

आता कापडाकडे येते. सुती कापड बरं, हे आपल्याला आजीनंच सांगितलेलं आहे, पण ते का बरं हे कळलं तर निवड सोपी जाते. साध्या हवेत शंभर ग्रॅम कोरडं सुती सूत हवेतलं आठ-साडेआठ ग्रॅम पाणी पोटात घेतं आणि तरीही हाताला कोरडंच लागतं. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. म्हणजे घाम आला की सुती कपडा आधी तो पितो. जॉर्जेट, क्रेप आणि साड्यांच्या दुकानात ज्याला सरसकट 'सिंथेटिक' म्हणतात ती साडी घामाला बाहेर ठेवते, म्हणजे आपल्याच अंगावर ठेवते. मात्र सुताचा दोषही सांगायला हवा. ते प्यालेलं पाणी लवकर सोडत नाही. म्हणून जुलैत दोरीवर दोन-दोन दिवस ओला राहणारा सुती कपडा आपण टाळतो आणि सिंथेटिक घालतो. ते शहाणपणाचंच आहे. चूक होते ती पुढं. पाऊस गेला तरी तेच कपडे चालू राहतात, कारण ते वर असतात आणि सुती गाठोडं माळ्यावर असतं. ऑक्टोबरात सुती कपडा सकाळी वाळत घातला तर दुपारपर्यंत कडक वाळतो. या महिन्यात सिंथेटिक घालायला काही कारणच उरत नाही.

मधली एक वस्तू आहे रेयॉन. हल्ली तयार कुर्ते मोठ्या प्रमाणात याचेच असतात. मऊ, अंगासरशी पडणारे, स्वस्त. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून करतात आणि ते पाणी सुतापेक्षाही जास्त पितं, म्हणजे घामाला बरंच. पण ओलं झालं की त्याची ताकद कमी होते. ते पिळू नये, घासू नये आणि पहिल्या धुण्यात आटेल हे धरून चालावं. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताची मिसळ. इस्त्री कमी लागते हा तिचा गुण, पण पॉलिएस्टर दोन भाग आणि सूत एक भाग असं प्रमाण असेल तर दुपारी ती आपलं खरं रूप दाखवते. दुकानात 'प्युअर कॉटन' असं सांगून काहीही विकतात. शंका असेल तर घरी आल्यावर कापडाच्या कडेची दोन सुतं ओढावी, चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघावी. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो. त्या मण्यावरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. असा कपडा गॅसजवळ पेटला तर वितळून कातडीला चिकटतो. सुतीही पेटतं, चटकन पेटतं, तेव्हा गॅसपुढे मोकळा पदर किंवा ओढणी कुठलीच नको. पण ऑफिसची सिंथेटिक साडी नेसून वर पोळ्या लाटायच्या, हा वेळ वाचवण्याचा मार्ग नाही. साडी शेवटी नेसावी.

खळीबद्दलही बोलायला हवं. सुती साडी कडक खळीची असली की ऑफिसात रुबाब वाटतो हे मान्य. पण खळ म्हणजे पिठाचा लेप. तो सुतांमधली बारीक छिद्रं भरतो आणि वाराच अडतो. शिवाय ती साडी इस्त्री करायला वीस मिनिटं हवीत, आणि सकाळची वीस मिनिटं कुणाकडे आहेत? या महिन्यात पाण्यासारखी पातळ खळ पुरे, नाहीतर बिनखळीची मऊ साडी. निऱ्या जरा कमी उभ्या राहतील. राहू द्या.

कापड चांगलं घेतलं आणि शिवण चुकली तर सगळं वाया, म्हणून शिंप्याकडे थोडं जास्त थांबू. लोकलमध्ये वरची कडी धरली की आपला कुर्ता कमरेपासून वर ओढला जातो, हा अनुभव तुम्हाला असेल. मग दुसऱ्या हातानं आपण तो खाली ओढत राहतो. आपल्याला वाटतं कुर्ता आखूड झाला. तो आखूड नसतो, त्याचा मुंढा चुकलेला असतो. मुंढा म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात तो गोल. तो फार खोल कापला, की हात वर होताना बाही सगळ्या कुर्त्याला बरोबर घेऊन वर जाते. ऐकायला उलटं वाटेल, पण मुंढा काखेच्या जवळ, वर घेतला तर हात जास्त मोकळा फिरतो. आणि त्याहून चांगला उपाय आपल्या जुन्या शिंप्यांकडे होता. त्याचं नाव चौबगला. काखेत, बाही आणि अंग यांच्या मध्ये, तीन-साडेतीन इंचांचा एक चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. हात वर झाला की तो तुकडा उघडतो, खाली आला की मिटतो. जुन्या झब्ब्यांना, बंडीला तो असायचाच. ज्या माणसाला दिवसभर हात हलवायचा आहे त्याच्यासाठी तो शोधलेला होता. तयार कपड्यांत कापड आणि मजुरी वाचवायची म्हणून तो गेला. शिंप्याला सांगितलं तर तो म्हणेल, आता कोण घालतं? आपण घालतो, असं सांगावं. वर एक फायदाही आहे. घामानं कुर्ता आधी काखेत विरतो. चौबगला असेल तर तेवढाच तुकडा बदलता येतो, कुर्ता वाचतो.

बाही कोपरापर्यंतची. त्याहून लांब असली तर हात धुताना, डबे घासताना वर सरकवावी लागते. त्याहून आखूड असली तर एसीत आणि उन्हात दोन्हीकडे त्रास. बाजूचे कट कमरेच्या हाडाच्या थोडं खाली सुरू व्हावेत, म्हणजे जिना चढताना पाऊल अडत नाही. गळा असा हवा की खाली वाकून मुलाच्या बुटाची नाडी बांधताना हात छातीशी न्यावा लागू नये. आणि कडेवरचं मूल गळ्याला धरून लोंबकळतं, म्हणून गळपट्टीला आतून दुहेरी शिवण मागावी. या सगळ्याला शिंपी जास्त पैसे मागेल. थोडे मागेल, आणि ते द्यावेत.

आता माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात. दुसरा चांगला शब्द सुचला नाही म्हणून ठेवला असेल किंवा कुणा मायाळू शिंप्यानं ठेवला असेल, पण शब्द फार बरोबर आहे. बाळंतपणानंतर बाईचं अंग वर्षभर बदलत असतं. २०१७ साली मातृत्व रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. चांगलंच झालं. पण सहा महिन्यांनी बाई कामावर परत जाते तेव्हा बाळ अजून अंगावर पीत असतं. तिचे जुने ब्लाउज तिला होत नाहीत आणि नवे शिवावेत तर आणखी सहा महिन्यांनी तेही सैल होणार. मी पहिल्या मुलीच्या वेळी, तेव्हाच्या तीन महिन्यांच्या रजेनंतर, जुनाच ब्लाउज कसाबसा हुक लावून गेले होते. दुपारी बारा वाजता, ज्या वेळी ती घरी दूध मागत असणार त्याच वेळी, मला पान्हा फुटला. पुढे साहेब बसलेले, माझ्या हातात फाइल, अंगावर फिकट निळा ब्लाउज. मी ती फाइल छातीशी धरून तासभर उभी राहिले. मला कुणी काही बोललं नाही. पण त्या तासाभरात मला जी लाज वाटली ती माझ्या अंगाची नव्हती, कपड्याची होती, हे कळायला मला फार वर्षं लागली.

म्हणून या काळासाठी दोन्ही बाजूंच्या शिवणींत दीड-दोन इंच माया ठेवायला सांगा, म्हणजे एकच ब्लाउज, एकच कुर्ता वर्षभर उसवून-टिपून चालेल. कुर्ता पुढून बटणांचा. कापड फिकट सपाट रंगाचं नको, बारीक छापाचं. ओल सगळ्यात जास्त दिसते ती करड्या, आकाशी, अबोली अशा मधल्या सपाट रंगांवर, मग ती घामाची असो की दुधाची. अगदी पांढऱ्यावर, अगदी गडदवर आणि बारीक बुट्टीवर ती कमी दिसते. आत शोषून घेणाऱ्या सुती घड्या ठेवाव्यात आणि दर दोन-तीन तासांनी बदलाव्यात. पिशवीत एक सुती स्टोल असावा. तो एसीत खांद्यावर, उन्हात डोक्यावर आणि वेळ आली तर छातीवर.

आणि खिसा! माझ्या नवऱ्याच्या एका पॅंट-शर्टाला मी एकदा खिसे मोजले, पाच निघाले. माझ्या सहा सलवार-कमीजना मिळून शून्य. घरातली सगळ्यात जास्त वस्तू सांभाळणारी व्यक्ती कोण, तर आई. किल्ल्या तिच्याकडे, पास तिच्याकडे, मुलाच्या दप्तरातून गळलेलं रबर तिच्याकडे. खिसे मात्र बाबांना. आपल्या आज्यांची स्थिती याहून बरी होती. नऊवारीला ओचा होता, त्यात शेतातल्या शेंगा भरून आणता येत. कडोसरी होती, तिला पैसे लावलेले असत. कासोटा मारलेला, म्हणजे पाय मोकळे. कोळीण आजही त्याच नेसणीत डोक्यावर पाटी घेऊन धावत्या माणसासारखी चालते. नऊवारी हे श्रमाचं वस्त्र होतं. सहावारीनं आपल्याला बाहेरच्या जगात नेलं खरं, पण कासोटा आणि ओचा दोन्ही काढून घेतले आणि बदल्यात दिली ती पर्स, जी एक हात कायमचा अडकवते. परत नऊवारी नेसा असं मी म्हणत नाही. कुर्त्याच्या उजव्या शिवणीत खिसा लावून घ्या एवढंच म्हणते. कमरेखाली चार बोटं तोंड सुरू करावं, पंजा आत जाईल इतकं खोल असावं, अस्तर घट्ट विणीच्या सुती कापडाचं असावं, आणि मोबाइलच्या वजनानं कुर्ता एका बाजूला लोंबू नये म्हणून खिशाची वरची कड आतून कमरेच्या पट्टीला टाचावी.

साडी नेसणाऱ्यांसाठी परकराच्या नाडीबद्दल दोन शब्द. बारीक नाडी रोज एकाच जागी करकचून बांधली की कमरेवर काळी रेघ पडते. ऑक्टोबरच्या घामानं तिथं खाज सुटते, कातडी सोलते, नायटा होतो. आपण पावडर लावतो आणि पुन्हा तिथंच नाडी बांधतो. मुंबईचे विख्यात रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात धोतर घट्ट बांधण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी इथल्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीच्या जागी असाच कर्करोग झालेल्या दोन वयस्क स्त्रियांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. घाबरू नका, हे फार दुर्मीळ आहे आणि वर्षानुवर्षांच्या न बऱ्या होणाऱ्या जखमेतून होतं. पण रेघेची जखम होऊ देऊ नये एवढं तरी कळतं. नाडीऐवजी दोन-अडीच इंच रुंद पट्टी आणि हुक लावलेला परकर शिवून घ्या, बांधायची जागा वरखाली बदला, आणि घरी आल्यावर आधी ती नाडी सैल करा, चहा मग. रेघ बरी होत नसेल, जखम चिघळत असेल तर डॉक्टरांना दाखवा. खाजेवर दुकानातून कुठलंही मलम आणू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. नायटा दबतो, आणि पुढं हट्टी होऊन पसरतो. हेच तंग लेगिंगचं आणि आतल्या कपड्यांचं. आतले कपडे सुती असावेत आणि उन्हात वाळावेत. आपण ते टॉवेलखाली लपवून वाळत घालतो आणि दमटच घालतो. उन्हाला कसली आलीय लाज?

दुचाकीवाल्यांनो, तुमच्यासाठी एक नियम माहीत असू द्या. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी दुचाकीला हवी, असं तो सांगतो. तिला आपण साडी गार्ड म्हणतो. गाडी घरी आली की घरातला कुणी तरुण ती 'चांगली दिसत नाही' म्हणून काढून टाकतो. आमच्याही नात्यातल्या एकानं काढली होती. त्याच्या मागं बसून जाताना माझी ओढणी चाकात गेली. सुदैवानं ती गळ्यात नव्हती, खांद्यावर होती, आणि जुनी, विरलेली होती. फाटली म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे. दुचाकीवर ओढणी पिशवीत घालावी. नाहीतर दोन्ही टोकं कमरेला गाठ मारून आत खोचावी. गिरणीच्या पट्ट्याजवळ, यंत्रावर काम करतानाही हेच. ओढणीऐवजी कुर्त्यावर बिनबाह्यांची सुती बंडी घालावी, हा मला सगळ्यात सोयीचा वाटलेला पर्याय आहे. पहाटे ती ऊब देते, दुपारी काढून पिशवीत जाते, आणि तिला दोन खिसे असतात. सरकारी कचेरीत चालेल का, असं कुणी विचारेल. राज्य सरकारनं २०२० च्या डिसेंबरात पोशाखाविषयी जे परिपत्रक काढलं त्यात स्त्रियांसाठी साडीबरोबर सलवार-कुर्ता आणि ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट हेही होतं, ओढणी आवश्यक असेल तर, आणि शुक्रवारी खादी वापरा असंही होतं. ट्राउझर, खादीचा कुर्ता, वर बंडी. त्याला कोण काय बोलणार?

आता नवरात्राचे रंग. या शतकाच्या सुरुवातीला एका मराठी दैनिकानं नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली आणि बघता बघता लोकलचा अख्खा डबा एका रंगाचा दिसायला लागला. यामागे काही शास्त्र नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यात वाईट काही दिसत नाही. नऊ दिवस बाई स्वतःसाठी काहीतरी ठरवून करते. पण ते येतात नेमके हीटच्या तोंडाशी, आणि नऊ रंग भरून काढायला जे घाईनं विकत घेतलं जातं ते असतं स्वस्त सिंथेटिक. त्यापेक्षा पांढरट किंवा काळा सुती कुर्ता कायम ठेवावा आणि रंग ओढणीत घ्यावा. नऊ मलमलच्या ओढण्या, मैत्रिणींत वाटून घेतल्या तर तीनच. रोजचंही असंच. काळी, मातकट आणि पांढरट अशा तीन सलवारी आणि त्या तिन्हींवर जाणारे पाच कुर्ते, म्हणजे पंधरा जोड्या झाल्या. कपाट भरलेलं नसेल, पण सकाळी सहा वाजता त्यापुढे उभं राहून विचार करावा लागणार नाही.

कपडे काढण्याआधी माळ्यावरच्या गाठोड्याला दोन दिवस ऊन दाखवा. पावसाळ्याची कुबट ओल गेल्याशिवाय अंगावर घालू नका. गडद कपडे उलटे करून वाळवा, रंग उडत नाही. गाठोडं परत बांधताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात नकोत. काही तान्ह्यांना त्या वासाची बाधा होऊन रक्त कमी होतं, कावीळ होते.

आणि निघताना खांद्यावर उमटलेला वरण-भाताचा पंजा. हा तर आपला शिक्काच. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि आपण घाबरतो. लाल होतो तो साबणातल्या क्षारामुळे. कपडा धुऊन उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, एक-दोन दिवसांत उडतो. ऑक्टोबरचं ऊन त्याला उत्तम. डब्यातलं तेल सांडलं तर लगेच त्यावर टाल्कम पावडर दाबून ठेवावी आणि तासाभरानं झटकावी. घामाचे पिवळे डाग मात्र शिळे होऊ देऊ नयेत, त्याच रात्री कपडा पाण्यातून काढावा.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं शिवायला पैसे कुठून आणायचे? दिवाळीच्या खरेदीतूनच आणायचे. आपल्याकडे दिवाळीत आधी मुलांचं होतं, मग सासूबाईंची साडी, मग नवऱ्याचा शर्ट. शेवटी उरलेल्या पैशात आई स्वतःला एक भारी साडी घेते, नाहीतर काहीच घेत नाही. ती भारी साडी वर्षातून दोनदा निघते. जे कपडे आपण तीनशे दिवस घालतो त्यांच्यावर मात्र वर्षभर एक रुपया पडत नाही. या दिवाळीला भारी साडी राहू द्या आणि तेवढ्याच पैशात हातमागाच्या सुती कापडाचे दोन कुर्ते शिवा. पण लवकर करा. दसरा झाला की शिंप्याच्या दुकानावर 'दिवाळीची ऑर्डर बंद' अशी पाटी लागते. कापड आणलं की आधी रात्रभर पाण्यात भिजवून आटवून घ्या आणि मग द्या. मुंढा वर, काखेत चौबगला, उजवीकडे खिसा, बाजूला दीड इंच माया, हे कागदावर लिहून कापडालाच टाचणीनं लावा. तोंडी सांगितलेलं दिवाळीच्या गर्दीत शिंप्याच्या लक्षात राहत नाही.